दूरच्या साइटसाठी स्वयंचलित ड्रोन डॉक: निवड आणि उभारणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाण, सौर प्रकल्प, पाइपलाइन, धरण, डोंगरावरची वीजवाहिनी. जिथे रोज माणूस पाठवणं जमत नाही, तिथे ड्रोनचं घर बांधून ठेवायचं आणि पाहणी दूर बसून करायची, ही कल्पना आता प्रत्यक्षात चालते. पण डॉक कुठला घ्यावा यापेक्षा तो कुठे बसणार आणि अडकला तर त्याच्यापर्यंत कोण जाणार, या दोन गोष्टींवर यश जास्त अवलंबून असतं. खालची उत्तरं त्याच क्रमाने विचार करून लिहिली आहेत.

डॉक म्हणजे नक्की काय?

हवामानापासून बंद असलेली पेटी. तिच्यात ड्रोन बसतो, चार्ज होतो, थंड किंवा गरम राखला जातो. वेळ झाली की झाकण उघडतं, ड्रोन उडतो, ठरलेला मार्ग फिरून त्याच जागी उतरतो आणि झाकण बंद होतं. सोबत पर्जन्यमापक, वारामापक, तापमान-आर्द्रतेचे सेन्सर, आत-बाहेर पाहणारे कॅमेरे, अचूक स्थाननिश्चितीसाठी आरटीके अँटेना आणि वीज गेली तर काही तास टिकणारी बॅटरी असते. हे सगळं एका सॉफ्टवेअरला जोडलेलं असतं. उड्डाणांचं वेळापत्रक, थेट व्हिडिओ आणि नोंदी तिथेच दिसतात.

म्हणून डॉककडे ड्रोनचा एक सुटा भाग म्हणून पाहू नका. माणूस नसलेलं छोटं केंद्र उभारतोय असं समजून पाहा. वीज, नेटवर्क, पाया, कुंपण, देखभाल, परवाना हे सगळं त्यात आलं.

हे अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे का?

नाही. इस्रायलच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने एअरोबोटिक्स या कंपनीला वैमानिकाशिवाय पूर्ण स्वयंचलित उड्डाणाची परवानगी २०१७ मध्ये दिली. अमेरिकेत अमेरिकन रोबोटिक्स या कंपनीला जागेवर एकही माणूस न ठेवता नजरेपलीकडे उडवण्याची मुभा जानेवारी २०२१ मध्ये मिळाली. डीजेआय या चिनी ड्रोन कंपनीचा पहिला डॉक २०२२ मध्ये आला, तेव्हा तो १०० किलोच्या आसपास भरायचा. मार्च २०२४ मधला डॉक २ सुमारे ३४ किलोचा होता. वजनातला हा फरक ऐकायला किरकोळ वाटेल, पण क्रेन मागवायची की दोन माणसांनी उचलून ठेवायचा, हा दुर्गम जागेवर मोठा फरक आहे.

यंत्र पिकलेलं आहे. कच्चेपणा राहतो तो बहुतेक वेळा आपल्या उभारणीत.

आम्हाला डॉक हवाच आहे का?

आधी एक आठवडा लिहून काढा: कुठल्या प्रश्नाचं उत्तर, किती वेळा, किती तासांत हवं आहे. महिन्यातून एकदा मातीच्या ढिगाचं आकारमान मोजायचं असेल तर माणूस ड्रोन घेऊन जाईल, डॉकची गरज नाही. आठवड्याला तीन-चारपेक्षा कमी उड्डाणं असतील तर मी सहसा डॉक नकोच म्हणतो.

याला एक मोठा अपवाद आहे: तातडी. कुंपणाचा अलार्म वाजला, गळतीचा इशारा आला, पुरानंतर धरणाचा बांध बघायचा आहे आणि रस्ता बंद आहे. अशा वेळी महिन्यात दोनच उड्डाणं झाली तरी डॉकने आपलं काम केलं. डॉकची खरी किंमत उड्डाणांच्या संख्येपेक्षा 'दहा मिनिटांत डोळे जागेवर' या क्षमतेत आहे. तुमच्या साइटला ती क्षमता लागते का, हे आधी प्रामाणिकपणे ठरवा.

एका डॉकमधून किती अंतरापर्यंत पाहणी होते?

माहितीपत्रकावर १० किलोमीटर त्रिज्या लिहिलेली असते. तो आकडा खोटा नसतो, पण त्यात ड्रोन जाऊन परत येतो एवढंच धरलेलं असतं. तिथे पोहोचून काम करायलाही वेळ लागतो. शिवाय उड्डाणाचा कमाल वेळ वारा नसताना आणि बॅटरी पूर्ण संपेपर्यंत मोजलेला असतो. ५० मिनिटं लिहिलेल्या ड्रोनला मी नियोजनात ३० ते ३५ मिनिटं धरतो. बाकीची वारा, जुनी झालेली बॅटरी आणि उतरताना पुन्हा प्रयत्न करण्याची राखीव.

आता वाऱ्याचा हिशेब पाहा. ड्रोन हवेच्या सापेक्ष सेकंदाला १५ मीटर वेगाने उडतो. वारा नसेल तर ५ किलोमीटर जाऊन-येऊन साधारण ११ मिनिटं लागतात. सेकंदाला ८ मीटर वारा पाठीमागून असेल तर जाताना जमिनीवरचा वेग २३ होतो आणि ३.६ मिनिटांत ड्रोन पोहोचतो. येताना वेग उरतो ७, आणि परतीला जवळजवळ १२ मिनिटं लागतात. जाण्याच्या तिप्पट वेळ. 'अर्धी बॅटरी झाली की वळायचं' हा नियम इथे ड्रोन वाटेतच उतरवेल. चांगलं सॉफ्टवेअर परतीची ऊर्जा सतत मोजत राहतं. घेण्याआधी ते मोजतं का, हे विचारा. आणि मार्ग आखताना शक्य असेल तिथे जाताना वाऱ्याविरुद्ध, येताना वाऱ्याबरोबर असा आखा.

क्षेत्रफळाच्या भाषेत सांगायचं तर ३ किलोमीटर त्रिज्येत सुमारे २८ चौरस किलोमीटर येतात, ५ किलोमीटरमध्ये सुमारे ७८. बहुतेक साइटना ३ किलोमीटर पुरतात. पाइपलाइन किंवा वीजवाहिनीसारख्या लांबट साइटवर मात्र गोल त्रिज्येचा उपयोग नाही. तिथे ओळीने डॉक लावतात. ड्रोनने एकातून उडून दुसऱ्यात उतरायचं अशी सोय असेल तर परतीचा प्रवास वाचतो. ती सोय प्रत्येक प्रणालीत नसते, म्हणून आधी खात्री करून घ्या.

डॉकचा वारामापक वारा कमी दाखवतो, तरी ड्रोन वर डगमगतो. का?

कारण मापक जमिनीजवळ आहे आणि ड्रोन १०० मीटरवर. उंचीबरोबर वारा वाढतो. मोकळ्या सपाट जमिनीसाठी वापरला जाणारा ढोबळ नियम धरला तर ३ मीटरवर सेकंदाला ६ मीटर वारा असताना १०० मीटरवर तो १० च्या जवळ जातो. अनेक डॉक-ड्रोनची मर्यादा सेकंदाला १२ मीटर असते. म्हणजे खालचा मापक ७ दाखवतोय तेव्हाच वर मर्यादा जवळ आलेली असते. कडा, खाणीचा खड्डा, उंच इमारत यांच्या आडोशाला बसवलेला मापक तर याहूनही फसवतो.

उड्डाण रोखण्याची मर्यादा सॉफ्टवेअरमधल्या मूळ आकड्यावर सोडू नका. पहिले काही आठवडे ड्रोनने वर मोजलेला वारा आणि डॉकने खाली मोजलेला वारा शेजारी शेजारी लिहा, आणि आपल्या जागेचा आकडा ठरवा.

चार्ज करणारा डॉक घ्यावा की बॅटरी बदलणारा?

चार्ज करणाऱ्या डॉकमध्ये ड्रोन उतरतो आणि अर्ध्या तासात पुन्हा उडण्याइतका भरतो. हलणारे भाग कमी, त्यामुळे बिघाड कमी. बॅटरी बदलणाऱ्या डॉकमध्ये यांत्रिक हात जुनी बॅटरी काढून भरलेली घालतो आणि काही मिनिटांत ड्रोन पुन्हा हवेत जातो. काही डॉक तर कॅमेराही बदलतात. मात्र हात, पट्टे, मोटारी वाढल्या की बिघडण्याच्या जागाही वाढतात.

माझं मत स्पष्ट आहे: जिथे तंत्रज्ञ पोहोचायला दिवस लागतो तिथे चार्ज करणाराच घ्या. ३० मिनिटं उड्डाण आणि ३५ मिनिटं चार्जिंग धरलं तर तासाला जवळजवळ एक फेरी होते, पाहणीसाठी हे भरपूर आहे. अखंड नजर हवी असेल तर एका गुंतागुंतीच्या डॉकऐवजी दोन साधे डॉक लावा. एक बंद पडला तर दुसरा उरतो.

कॅमेरा कसा निवडायचा?

'किती मेगापिक्सेल' हा प्रश्न बाजूला ठेवा. जमिनीवरचा किती भाग एका पिक्सेलमध्ये येतो, तो आकडा काढा. चार-तृतीयांश इंची सेन्सरचा, २० मेगापिक्सेलचा, १२ मिलिमीटर लेन्सचा कॅमेरा १०० मीटरवरून साधारण २.७ सेंटिमीटरचा पिक्सेल देतो. खोदकामाची प्रगती आणि ढिगाचं आकारमान यांना हे पुरतं. काँक्रीटमधली बारीक भेग मात्र यात दिसणार नाही.

थर्मल, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात लोक जास्त फसतात. ६४० बाय ५१२ पिक्सेलचा, ९ मिलिमीटर लेन्सचा कॅमेरा १०० मीटरवरून सुमारे १३ सेंटिमीटरचा पिक्सेल देतो. सौर पॅनेलचा एक सेल साधारण १५ सेंटिमीटरचा असतो. थर्मल तपासणीच्या आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्था) मानकानुसार एका सेलवर ५ बाय ५ पिक्सेल हवेत, म्हणजे पिक्सेल ३ सेंटिमीटरचा हवा. त्यासाठी ड्रोन २५ मीटरच्या आसपास उडवावा लागतो. उंची चौथाई झाली की एका पट्ट्यात येणारी रुंदीही चौथाई होते आणि त्याच प्रकल्पाला चौपट फेऱ्या लागतात. तेच मानक पॅनेलवर प्रति चौरस मीटर किमान ६०० वॉट सूर्यप्रकाश मागतं, त्यामुळे भल्या पहाटेची किंवा ढगाळ दुपारची उड्डाणं या कामाला निरुपयोगी. कॅमेऱ्याची निवड करताना उंची, फेऱ्या आणि वेळापत्रक अशी सगळी साखळी हलते, ती एकदा कागदावर मांडूनच पाहा.

जागा कशी ठरवायची?

इथे घाई केली तर पुढची सगळी वर्षं तिची किंमत मोजत बसावं लागतं. मी या क्रमाने बघतो.

पहिलं, आकाश. डॉकपासून चहूबाजूंना क्षितिजावर काय आहे? झाड, टॉवर, उंच शेड असेल तर उपग्रहांचे संकेत अडतात. मोठे धातूचे पृष्ठभाग जवळ असतील तर संकेत त्यांच्यावर आपटून उशिरा येतात आणि स्थान चुकतं. पत्र्याच्या छपराच्या कडेला डॉक बसवणं म्हणूनच धोक्याचं.

दुसरं, रेडिओची वाट. ड्रोन आणि डॉक २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झवर बोलतात आणि त्यांना नुसती नजरेची सरळ रेषा पुरत नाही. रेषेभोवती थोडी मोकळी जागाही लागते. २.४ गिगाहर्ट्झवर ५ किलोमीटर अंतरासाठी मधोमध ती जागा त्रिज्येने सुमारे १२.५ मीटर असते, आणि तिचा निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. मधल्या टेकाडाच्या माथ्याला चाटून जाणारी रेषा म्हणजे तुटणारा दुवा. डॉक उंचावर ठेवा, नाहीतर संकेत पुढे पोहोचवणारा वेगळा रिले खांब उभारा.

तिसरं, पाणी आणि वारा कुठून येतो. पावसाळ्यात पाणी साचतं का, वाळू उडून येते का, क्रशरची धूळ कुठल्या दिशेला जाते. हे नकाशावर कळत नाही. तिथे वर्षभर काम करणाऱ्या पहारेकऱ्याला विचारा. त्याच्याकडे असलेली माहिती कुठल्याही सर्वेक्षणात मिळत नाही.

चौथं, माणसाची वाट. गाडी डॉकपासून किती जवळ जाते? रात्री, पावसात जाते का?

पाचवं, पर्यायी उतरण्याची जागा. डॉकपासून काही मीटरवर सपाट, मोकळी, गवत नसलेली जागा राखून ठेवा आणि तिथे काही रचून ठेवायला सक्त मनाई करा. अडचणीच्या दिवशी ड्रोन तिथेच येणार आहे.

मग पाया. काँक्रीटचा, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच, लेव्हल लावून तपासलेला. केबलसाठी पाइप काँक्रीट ओतण्याआधी टाका. अर्थिंग वेगळं आणि मोजलेलं हवं. मोकळ्या माळावर डॉकचा खांब हीच सगळ्यांत उंच वस्तू असू शकते, म्हणून वीज आणि नेटवर्क या दोन्ही तारांवर सर्ज-संरक्षण, म्हणजे विजेच्या अचानक झटक्यापासून बचाव करणारं साधन, लावा. नेटवर्कच्या तारेवरचं संरक्षण बहुतेक वेळा विसरलं जातं आणि वीज कोसळते तेव्हा नेमकं तेच जळतं.

आयपी ५५ म्हणजे पाऊस-धुळीची चिंता मिटली?

नाही. आयपी ही धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी. पहिला ५ सांगतो की धूळ आत जाईल, पण काम बिघडवण्याइतकी नाही. पूर्ण धूळबंद असेल तर तिथे ६ असतो. दुसरा ५ पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण सांगतो. आणि हे सगळं झाकण बंद असताना. डॉक दिवसातून आठ-दहा वेळा उघडतो, पंख्यांच्या वाऱ्याने आजूबाजूची धूळ उडते आणि ती नेमकी चार्जिंगच्या संपर्कबिंदूंवर बसते. उपाय साधा आहे: पायाभोवती तीन-चार मीटर खडी किंवा काँक्रीट, म्हणजे उडायला मोकळी माती उरत नाही.

समुद्राजवळ आयपी आकड्याचा आधार घेऊ नका. मिठाने होणाऱ्या गंजाची चाचणी वेगळी असते. ती झाली आहे का, हे लेखी मागा.

साइटवर वीजच नाही. सौरऊर्जेवर चालेल?

चालेल, पण हिशेब नीट हवा. लोक ड्रोनच्या बॅटरीचा हिशेब करतात, जी लहान ड्रोनसाठी साधारण १५० वॉट-तासांची असते. दिवसाला आठ उड्डाणं धरली तरी १.२ युनिट. जास्त वीज खातं ते डॉकचं थंड-गरम राखणं, संगणक आणि नेटवर्क. सरासरी १०० वॉट धरले तर दिवसाचे २.४ युनिट. एकूण ३.६.

तीन दिवस ऊन नाही असं धरलं तर १०.८ युनिट साठा हवा. बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच वापरायची म्हटलं तर साधारण १३.५. चार तास चांगलं ऊन आणि ३० टक्के घट धरली तर पॅनेल १.३ किलोवॉट. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या डॉकचा सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड दिवसाचा वीजवापर निर्मात्याकडून घ्या आणि तोच घाला. सरासरी आकड्यावर उभारलेली सौरव्यवस्था वर्षातल्या सर्वांत वाईट आठवड्यात बंद पडते, आणि ड्रोनची गरज बहुधा त्याच आठवड्यात असते.

नेटवर्क किती लागतं?

थेट व्हिडिओसाठी वरच्या दिशेने, म्हणजे अपलोडला, ५ ते ८ मेगाबिट प्रति सेकंद सतत मिळायला हवेत. स्पीड-टेस्टमध्ये एकदा दिसलेला आकडा धरू नका. वेगवेगळ्या वेळी, आठवडाभर मोजा.

छायाचित्रांचा बोजा वेगळा. एका उड्डाणात १० मेगाबाइटची ३०० छायाचित्रं म्हणजे ३ गीगाबाइट. ५ मेगाबिटच्या दुव्यावर ती चढायला ८० मिनिटं लागतात. तासाला एक उड्डाण ठेवलं तर रांग कधी संपणारच नाही. त्यामुळे डॉकजवळच छोटा संगणक ठेवून छाननी करा आणि वरती निष्कर्ष व निवडक चित्रं पाठवा, किंवा रात्रीचा मोकळा वेळ वापरा.

मोबाइल संकेत नसेल तर उपग्रह. ३६,००० किलोमीटर उंचीच्या भूस्थिर उपग्रहातून जाऊन-येऊन अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. वेळापत्रकाच्या उड्डाणांना तो चालतो, हाताने नियंत्रण घ्यायला नाही. पृथ्वीजवळच्या कक्षेतल्या उपग्रहांचा विलंब मोबाइल नेटवर्कच्या जवळपास असतो. शक्य असेल तर दोन वेगळे मार्ग ठेवा. एकाच कंपनीची दोन सिम हे दोन मार्ग होत नाहीत, टॉवर एकच असतो.

परवानगीचं काय?

डॉकमधलं उड्डाण जवळजवळ नेहमी बीव्हीएलओएस असतं, म्हणजे वैमानिकाच्या नजरेपलीकडचं, आणि बहुतेक देशांत त्याला नेहमीच्या परवान्याव्यतिरिक्त वेगळी मंजुरी लागते. अमेरिकेत लहान ड्रोनसाठीच्या भाग १०७ च्या नियमांतून सूट घ्यावी लागत आली आहे आणि या उड्डाणांसाठी स्वतंत्र भाग १०८ चा मसुदा ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला गेला. युरोपात सोरा नावाच्या पद्धतीने जमिनीवरच्या माणसांचा धोका आणि हवेतल्या विमानांचा धोका मोजून अर्ज करतात.

नियम कुठलेही असोत, विचारले जाणारे प्रश्न तेच: खाली माणसं किती, वर विमानं किती, दुवा तुटला तर ड्रोन काय करतो, तो हद्दीबाहेर जाणार नाही याची खात्री कशी. याची उत्तरं डॉक विकणारा देऊ शकत नाही, ती तुमच्या जागेची आहेत. पायाचं काँक्रीट ओतण्याआधी अर्ज करा. परवानगीला यंत्र बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि कधी कधी तिच्या अटींमुळे डॉकची जागाच बदलावी लागते.

ड्रोनवर विमानांचे एडीएस-बी (स्वतःचं स्थान कळवणारे) संकेत ऐकणारा रिसीव्हर असला तर उत्तमच. तरी कमी उंचीवरून उडणारं प्रत्येक हेलिकॉप्टर किंवा ग्लायडर ते संकेत पाठवतंच असं नाही, हे लक्षात असू द्या.

ड्रोन इतक्या छोट्या जागेत अचूक कसा उतरतो?

साध्या उपग्रहीय स्थानात काही मीटरची चूक असते. आरटीकेमध्ये ड्रोन आपलं स्थान डॉकच्या अँटेनाच्या सापेक्ष काढतो, त्यामुळे ती काही सेंटिमीटरवर येते. शेवटच्या टप्प्यात ड्रोनचा कॅमेरा डॉकवर छापलेलं चौकटीदार चिन्ह ओळखतो आणि त्यावर बसतो. म्हणून ते चिन्ह स्वच्छ, अंधारात उजळलेलं आणि सावलीने कापलं न जाणारं हवं. सूर्य खाली असताना जवळच्या खांबाची सावली बरोबर चिन्हावर पडते का, हे संध्याकाळी उभं राहून पाहा.

आरटीकेबद्दल एक गैरसमज मात्र महागात पडतो. डॉकच्या अँटेनाचे निर्देशांक दोन मीटरने चुकीचे भरले तरी ड्रोन अचूक उतरतो, कारण चूक डॉक आणि ड्रोन दोघांना सारखीच. नकाशे मात्र सगळे दोन मीटर सरकलेले निघतात. मागच्या महिन्याशी तुलना जुळते, जमिनीच्या मोजणीशी जुळत नाही. अँटेनाचे निर्देशांक सर्वेक्षकाकडून घ्या आणि साइटवर चार-पाच पक्क्या खुणा करून अधूनमधून ताडा.

झाकण उघडलं नाही, किंवा ड्रोन परतल्यावर बंदच राहिलं, तर?

हा प्रश्न विक्रेत्याला पहिल्याच भेटीत विचारा आणि उत्तर दाखवायला सांगा. नीट प्रणालीत ड्रोन पर्यायी जागेवर उतरतो आणि कळवतो. मग तिथे उघड्यावर पडलेला ड्रोन उचलायला कोणीतरी जायलाच हवं. पाऊस यायच्या आत.

देखभाल किती?

नेहमीची कामं थोडी असतात. संपर्कबिंदू पुसणं, पंख्यांची पाती तपासणं, चिन्ह आणि कॅमेऱ्याच्या काचा स्वच्छ करणं, हवेच्या जाळ्या झटकणं, झाकणाचं रबर बघणं. धुळीच्या जागी पंधरवड्याला, स्वच्छ जागी महिन्याला. पाती बाहेरून चांगली दिसली तरी निर्मात्याने सांगितलेल्या तासांनंतर बदला.

कीटक आणि उंदरांकडे दुर्लक्ष होतं. डॉक उबदार, कोरडा आणि शांत असतो, त्यामुळे गांधीलमाश्या, मुंग्या, पालींना तो आवडतो. पर्जन्यमापकात जाळं झालं की डॉकला पाऊस दिसेनासा होतो किंवा सतत पाऊस दिसतो. केबलची प्रत्येक फट बंद करा. घरट्यांच्या हंगामात शिकारी पक्षी ड्रोनवर झेपावतात. तेवढे आठवडे तो मार्ग बदलणं हाच त्यांच्यासाठी आणि आपल्यासाठी बरा उपाय आहे.

बॅटरीकडे आकड्यांनी बघा. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आतल्या पट्टीवर धातूचा थर बसतो आणि ती कायमची खराब होते. चांगला डॉक आधी तिला गरम करतो. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत दिवसेंदिवस ठेवली तरी आयुष्य घटतं. तातडीच्या उड्डाणासाठी ९० टक्के भरून ठेवायची की टिकण्यासाठी ६० वर, हा निर्णय तुमचा आहे. मुद्दाम घ्या, सेटिंगवर सोडू नका.

म्हणजे माणूस लागतोच?

हो. एक दूर बसलेला पायलट अनेक डॉक बघू शकतो, पण उड्डाणाची जबाबदारी त्याची असते. दुसरा माणूस साइटच्या जवळ राहणारा हवा. तो अभियंता नसला तरी चालेल. त्याला ड्रोन सुरक्षित बंद करता यावा, फुगलेली बॅटरी ओळखता यावी, झाकण हाताने उघडता यावं आणि फोनवर सांगितलेलं करता यावं. एक दिवसाचं प्रशिक्षण आणि भिंतीवर चित्रांसह लावलेला कागद एवढं पुरतं. या माणसाचं नाव ठरल्याशिवाय डॉकची ऑर्डर देऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

साइटवर राबणाऱ्या बाकीच्या लोकांनाही आधी सांगा: ड्रोन कधी उडेल, काय टिपेल, चित्रं कोण बघेल, किती दिवस ठेवली जातील. डोक्यावर न सांगता फिरणारा कॅमेरा कोणालाही आवडत नाही, आणि त्यांची नाराजी योग्यच असते.

सायबर सुरक्षा?

मूळ पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. डॉकचं नेटवर्क साइटच्या नियंत्रण यंत्रणेपासून वेगळं ठेवा. चित्रं कुठल्या देशातल्या सर्व्हरवर जातात, ती आपल्याच सर्व्हरवर ठेवता येतात का, करार संपल्यावर मूळ स्वरूपात परत मिळतात का, हे लेखी घ्या. शेवटचा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो.

विकत घेण्याआधी चाचणी कशी घ्यावी?

विक्रेता स्वच्छ सकाळी, मोकळ्या मैदानात प्रात्यक्षिक दाखवतो. त्यातून काही कळत नाही. तुमच्या जागेवर, सहा ते आठ आठवडे, आणि जमलं तर वर्षातल्या कठीण मोसमात चाचणी घ्या. रोजची उड्डाणं ठरवा आणि ठरलेली, झालेली, हवामानाने रोखलेली आणि बिघाडाने रोखलेली असे चार रकाने भरा. हवामान आणि बिघाड एकत्र मोजू देऊ नका. 'उपलब्धता' हा एकच टक्का दाखवला की बिघाड त्यात लपतो.

मग मुद्दाम अडचणी निर्माण करा. आधी आजूबाजूचा परिसर रिकामा करा, माणूस नियंत्रण घ्यायला तयार ठेवा आणि ड्रोन हवेत असताना इंटरनेट तोडा. दुसऱ्या दिवशी डॉकची वीज तोडा. झाकण बंद ठेवून ड्रोन पर्यायी जागेवर जातो का पाहा. चिन्ह कापडाने झाका. प्रत्येक वेळी ड्रोनने काय केलं आणि पायलटला ते किती सेकंदांत कळलं, दोन्ही लिहा. दुसरा आकडा अनेकदा धक्का देतो.

गाडीवरचा डॉक चालेल का?

काही नवे डॉक, उदाहरणार्थ २०२५ मधला डीजेआयचा डॉक ३, गाडीवर बसवता येतात. सरकत जाणाऱ्या कामांना, म्हणजे रस्ता किंवा पाइपलाइन टाकणं, आपत्तीनंतरची पाहणी, हे उपयोगी आहे. मात्र दर मुक्कामी लेव्हल, निर्देशांक आणि पर्यायी जागा नव्याने ठरवावी लागते.

एक डॉक चालला. आता दहा बसवायचे आहेत, काय बदलतं?

सुटे भाग. एका डॉकसाठी विक्रेत्यावर अवलंबून राहता येतं, दहांसाठी नाही. एक पूर्ण ड्रोन, पात्यांचे संच, दोन-तीन बॅटऱ्या, एक झाकणाची मोटार आणि एक राउटर आपल्याकडे ठेवा. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आधी एकाच डॉकवर दोन आठवडे चालवा, मग बाकीच्यांवर. ज्या साइटवर पोहोचायला सर्वांत सोपं आहे तोच डॉक या कामासाठी निवडा. आणि शक्य तितके डॉक एकाच प्रकारचे ठेवा. प्रत्येक साइटसाठी 'सर्वोत्तम' वेगळा डॉक घेतला तर रात्री दोन वाजता फोन आल्यावर कुठल्या झाकणाला कुठली चावी लागते हेच आठवत नाही.